आयर्विन पुलाच्या नावातला माणूस: लॉर्ड आयर्विन ऊर्फ हॅलिफॅक्स

कृष्णाकाठ
पावसाळ्यात सांगलीची बातमी आली की आयर्विन पुलाचं नाव येतंच. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. तिकडे अमरावतीत जिल्हा रुग्णालयाला लोक अजून 'इर्विन' म्हणतात, चौकही इर्विन चौक. नाव एकच, उच्चार दोन. सांगलीचा पूल १९२९ चा, संस्थानी काळात बांधलेला, आणि नाव तेव्हाच्या व्हाइसरॉयचं.

या माणसाबद्दल शालेय पुस्तकात एकच ओळ असते, 'गांधी-आयर्विन करार, १९३१'. पण हाच गृहस्थ १९३७ मध्ये हिटलरला भेटायला गेला, १९३८ मध्ये ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री झाला आणि मे १९४० मध्ये पंतप्रधानपदाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला. समोरासमोर बसून बोललं की मार्ग निघतो, यावर त्याचा विश्वास होता. दिल्लीत तो चालला, जर्मनीत सपशेल फसला. असं का झालं, हे कलमं, तारखा आणि कागदपत्रं धरून समजून घेऊ या. जाणकारांनी भर घालावी.

दप्तरदार
आधी नावांचा गुंता सोडवू, कारण संदर्भ शोधताना पहिली चूक तिथेच होते. ही तीन माणसं नव्हेत, एकच आहे.

जन्म १६ एप्रिल १८८१, नाव एडवर्ड वुड. जानेवारी १९१० पासून यॉर्कशायरमधल्या रिपनचे खासदार. १९२५ मध्ये व्हाइसरॉय म्हणून नेमणूक ठरल्यावर बॅरन आयर्विन. जानेवारी १९३४ मध्ये वडील वारले तेव्हा व्हायकाउंट हॅलिफॅक्स. १९४४ मध्ये अर्ल. म्हणून १९२५ पूर्वीचं काही हवं असेल तर 'वुड' खाली पाहा, १९२६ ते ३३ चं 'आयर्विन' खाली, त्यापुढचं 'हॅलिफॅक्स' खाली. १९३२ चे ब्रिटिश शिक्षणमंत्री लॉर्ड आयर्विन आणि १९३५ चे युद्धमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स एकच, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

'आयर्विन' ही पदवी आली लीड्सजवळच्या टेंपल न्यूसॅम वाड्यातून. तिथल्या जुन्या इंग्रॅम घराण्याची ही नामशेष झालेली पदवी. तो वाडा एडवर्डला १९०४ मध्ये आत्याकडून मिळाला आणि १९२२ मध्ये त्याने तो लीड्सच्या नगरपालिकेला विकला. पहिल्या महायुद्धानंतर वारसाकर इतका चढला होता की एकाच घराण्याने दोन-तीन वाडे सांभाळणं अवघड झालं. १९१९ मध्ये सर्वांत मोठ्या इस्टेटींवर हा कर ४० टक्के झाला, १९३० मध्ये ५० टक्के. वुड घराण्याने गॅरोबी आणि हिकल्टन ठेवलं, टेंपल न्यूसॅम सोडलं. दोन युद्धांमधला इंग्रज उमराव समजून घ्यायचा तर हा कर डोळ्यांसमोर हवा.

आणखी एक धागा आपल्याकडचा. १८५४ चा 'वुडचा खलिता', ज्यातून १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ उभं राहिलं, तो पाठवणारे चार्ल्स वुड हे याचे सख्खे आजोबा.

रानजाई
वडील लॉर्ड असताना मुलगा कॉमन्समध्ये, म्हणजे लोकांनी निवडायच्या सभागृहात, निवडून कसा येतो? आणि व्हाइसरॉय होण्यासाठी खासदारकी का सोडावी लागली?

तळटीप
रानजाई, इंग्लंडच्या कायद्यात उमराव म्हणजे फक्त ज्याच्या नावे पदवी आहे तो. त्याची बायकामुलं कायद्याने सामान्य प्रजाच. ड्यूक, मार्क्वेस किंवा अर्ल यांच्या थोरल्या मुलाला वडिलांची एखादी दुय्यम पदवी मानाने लावता येते, पण ती नुसती हाक मारण्यापुरती. व्हायकाउंटच्या मुलाला तीही नाही, नावाआधी फक्त 'ऑनरेबल'. म्हणून दोघेही निवडणूक लढवू शकतात. ठसठशीत उदाहरण म्हणजे १९३८ मध्ये पंतप्रधान चेंबरलेनबरोबर म्युनिकला हिटलरशी बोलणी करायला गेलेले त्यांचे संसदीय सचिव लॉर्ड डंगलस. नाव लॉर्ड, पण खासदार कॉमन्सचे, कारण अर्लपद वडिलांकडे होतं.

वडील वारले की मात्र पदवी आपोआप अंगावर येते आणि कॉमन्सची जागा त्या क्षणी रिकामी होते. तेव्हा ती नाकारायची सोयच नव्हती, ती झाली १९६३ च्या कायद्याने. तो वापरून पंतप्रधान झालेले अ‍ॅलेक डग्लस-होम म्हणजे हेच जुने लॉर्ड डंगलस. एडवर्ड वुड तीन भावांच्या पाठचा; ते तिघे लहानपणीच गेले, म्हणून वारसा याच्याकडे आला.

व्हाइसरॉयला बॅरन करणं हा दरबारी रिवाज होता. बॅरन झाल्यामुळे रिपनला पोटनिवडणूक घ्यावी लागली. ही तांत्रिक बाब लक्षात ठेवा, १९४० मध्ये तिच्यावरच सगळं येऊन ठेपलं.

मीठभाकर
माणूस डोळ्यांसमोर यावा म्हणून थोडं. उंची ६ फूट ५ इंच. डावा हात जन्मतःच खुरटलेला, पंजा नाही. तरी घोड्यावर पक्की मांड आणि कोल्ह्याच्या शिकारीचा षौक. धर्माने कडवा अँग्लो-कॅथलिक, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमधल्या कॅथलिक वळणाच्या गटातला, रोजच्या प्रार्थनेत खंड नाही. उपास, व्रत, मौन या गोष्टी त्याला नाटकी वाटत नसत, कारण त्या त्याच्या घरच्याच होत्या. गांधींचं म्हणणं दिल्लीतल्या इतर साहेबांपेक्षा त्याला लवकर कळलं, ते मला वाटतं यामुळेच.

पण सुरुवात त्याने वाईट केली. नोव्हेंबर १९२७ मध्ये सायमन कमिशन जाहीर झालं, सातही सभासद ब्रिटिश संसदेतले. हिंदी माणूस नको, हा सल्ला आयर्विनचाही होता. हिंदी सभासद घेतले तर हिंदू-मुसलमान वाटणीवरून आधीच भांडण लागेल आणि अहवाल एकमताने येणार नाही, अशी त्याची भीती. नेमकं उलट झालं. ३ फेब्रुवारी १९२८ ला कमिशन मुंबईला उतरलं आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष बहिष्कारात एक झाले. ही चूक दुरुस्त करण्यासाठी ३१ ऑक्टोबर १९२९ ची घोषणा आली, की वसाहतीचं स्वराज्य हाच हिंदुस्थानच्या वाटचालीचा स्वाभाविक शेवट. घोषणेत तारीख नव्हती. २३ डिसेंबरला गांधी, मोतीलाल नेहरू, जीना, सप्रू आणि विठ्ठलभाई पटेल त्याला भेटले, तेव्हा घोडं तिथेच अडलं. त्याच दिवशी सकाळी दिल्लीजवळ त्याच्या आगगाडीखाली बॉम्ब फुटला होता, तरी त्याने भेट रद्द केली नाही.

मग २ मार्च १९३० चं गांधींचं पत्र. त्यातला हिशेब मुळातून वाचण्यासारखा आहे. व्हाइसरॉयचा पगार महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० हून जास्त. हिंदी माणसाचं सरासरी उत्पन्न दिवसाला २ आण्यांहून कमी. ७०० रुपयांचे आणे ११,२००, भागिले २, म्हणजे ५,६०० पट. ब्रिटिश पंतप्रधान त्यांच्या देशाच्या सरासरीच्या फक्त ९० पट घेतात, हेही गांधींनी शेजारी मांडलं. उत्तर खाजगी सचिवाच्या सहीचं, चार ओळींचं, खेद व्यक्त करणारं. इतक्या नेटक्या गणिताला इतकं कोरडं उत्तर द्यायला नको होतं.

दप्तरदार
दडपशाहीची यंत्रणाही सांगायला हवी, नाहीतर आयर्विन फार मवाळ वाटू लागेल. १९१९ च्या कायद्याच्या ७२ व्या कलमाने व्हाइसरॉयला वटहुकूम काढता येई, मुदत सहा महिने. मुदत संपली की नवा काढायचा. १९३० मध्ये असे वटहुकूम एकामागून एक निघाले: छापखान्यांवर, पिकेटिंगवर (दुकानांपुढे धरणं धरण्यावर), बेकायदा ठरवलेल्या संस्थांवर. गांधींना ५ मेच्या पहाटे कराडीला पकडलं ते मात्र १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन २५ खाली, म्हणजे खटला नाही, मुदत नाही, सरकारची मर्जी असेल तोवर येरवडा.

आता करार. १७ फेब्रुवारी १९३१ पासून आठ बैठका, मिळून सुमारे २४ तास. मध्यस्थीला सप्रू, श्रीनिवास शास्त्री आणि आपले मुकुंदराव जयकर. मसुद्याचं काम बरंचसं गृहसचिव हर्बर्ट इमर्सन यांच्याकडे. ५ मार्चला तो सरकारी राजपत्रात गृहखात्याची अधिसूचना म्हणून छापला गेला, एकूण २१ परिच्छेद. तो दोन राष्ट्रांमधला तह नव्हता, तरी चर्चिल भडकला तो एवढ्यासाठीच की बसणारे दोघे बरोबरीने बसले.

महत्त्वाची कलमं अशी:

मीठ. कायदा बदलणार नाही, कायदेभंग माफ करणार नाही. पण जिथे मीठ वेचता वा बनवता येतं तिथल्या लगतच्या गावांतल्या रहिवाशांनी घरच्या वापरासाठी किंवा गावातल्या गावात विकण्यासाठी ते घ्यावं. गावाबाहेरच्या माणसाला विकायचं नाही. ही मेख का मारली? मिठावरचा कर मणाला १ रुपया ४ आणे होता. गावाची हद्द ओलांडू दिली असती तर व्यापारी त्यात शिरले असते आणि कर बुडाला असता. हद्द घातल्यामुळे सरकारचं उत्पन्न जवळपास शाबूत राहिलं, आणि शिरोड्यासारख्या किनाऱ्यावरच्या गरिबाला मूठभर मीठ कायद्याच्या धाकाशिवाय उचलता आलं.

पिकेटिंग. परवानगी, पण जबरदस्ती, धमकी, रस्ता अडवणं, शत्रुत्वाची निदर्शनं नकोत. तसं झालं तर त्या ठिकाणापुरतं ते बंद. ब्रिटिश मालावरचा बहिष्कार राजकीय हत्यार म्हणून थांबवायचा, स्वदेशीचा प्रचार चालू ठेवायचा.

दंड. भरलेला परत नाही, न भरलेला माफ. जंगम माल सरकारच्या ताब्यात असेल तर परत. जमीन सरकारकडे असेल तर परत, तिसऱ्याला विकली गेली असेल तर तो व्यवहार कायम.

नोकऱ्या. राजीनामा दिलेल्या पाटील-तलाठ्याची जागा कायमची भरली असेल तर ती गेली, नसेल तर उदारपणे विचार.

पोलिसांच्या अत्याचारांची चौकशी. गांधींनी मागितली आणि शेवटी सोडली. चौकशी म्हणजे आरोप-प्रत्यारोप, त्याने शांतता लांबेल, असं कारण करारातच लिहिलं आहे.

कैदी. हिंसा न केलेले सुटणार. हुकूम मोडणारे शिपाई आणि सैनिक सुटणार नाहीत, म्हणजे पेशावरला गोळी घालायला नकार देणारे गढवाली आतच.

भुईकोट
दप्तरदार, कलमं नीट मांडलीत. पण 'हिंसा न केलेले' या तीन शब्दांत सोलापूर बसतं, ते वगळून चालणार नाही.

मे १९३० मध्ये गांधींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, आणि जूनअखेरपर्यंत शहरावर लष्करी कायदा होता. दोन पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. आता तारखा जोडून पाहा. त्याच महिन्याच्या अखेरीस, २६ ला, गांधी त्याच तुरुंगातून सुटले. फाशीनंतर पाच आठवड्यांनी व्हाइसरॉयच्या वाड्यात बोलणी सुरू झाली. फाशी जन्मठेपेवर आणण्याचा अधिकार आयर्विनकडे होता, तो त्याने वापरला नाही. २३ मार्चला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांच्या वेळीही नाही, आणि तेव्हा तर करार होऊन अठराच दिवस झाले होते. राजगुरू आमच्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचे. त्यामुळे महाराष्ट्रात आयर्विनचं मोजमाप नुसत्या करारावर होऊ शकत नाही.

मीठभाकर
भुईकोट, मान्य. हिंसा आणि अहिंसा यांत आयर्विनने एक रेघ मारली होती. रेघेच्या अलीकडच्याशी तो तासन्‌तास बोले, पलीकडच्यासाठी त्याच्याकडे फक्त कायदा होता. गांधींनीही तीच रेघ मानली म्हणून करार होऊ शकला, आणि तरुणांचा कराचीच्या काँग्रेस अधिवेशनातला संताप गांधींच्या वाट्याला आला तोही म्हणूनच.

कृष्णाकाठ
करार टिकला किती? ५ मार्च १९३१ ते ४ जानेवारी १९३२, म्हणजे बरोबर दहा महिने. आयर्विन एप्रिलमध्येच परत गेला आणि त्याच्या जागी विलिंग्डन आला. त्याला कागदावरची कलमं पाळायची होती, त्यामागचा समजूतदारपणा नको होता. दोन माणसांच्या परस्पर विश्वासावर उभा केलेला करार त्यातला एक माणूस बदलला की उघडा पडतो. आयर्विनच्या पद्धतीतली पहिली कच्ची बाजू ही.

तळटीप
दुसरी कच्ची बाजू बेर्ख्टेसगाडेनला दिसली. नोव्हेंबर १९३७. निमित्त बर्लिनचं आंतरराष्ट्रीय शिकार प्रदर्शन. हॅलिफॅक्स यॉर्कशायरच्या मिडलटन हंटचा प्रमुख असल्यामुळे निमंत्रण सोयीचं होतं. १९ तारखेला हिटलरच्या डोंगरावरच्या घरी. मोटार थांबली, खिडकीतून बर्फ झाडलेली वाट दिसली आणि मधोमध काळी विजार, रेशमी मोजे, चकचकीत बूट. उंच माणूस मोटारीत बसलेला, त्यामुळे वरचं धड दिसलंच नाही. घरचा नोकर समजून तो टोपी-कोट त्याच्या हाती देणार, इतक्यात जर्मन परराष्ट्रमंत्री नॉयराट कानात कुजबुजला, 'हे फ्यूहरर.'

हा प्रसंग सगळे सांगतात. त्याहून गंभीर पुढचे दोन आहेत. एक, हॅलिफॅक्सने आपणहून डान्झिग, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया ही नावं घेतली आणि शांततेच्या मार्गाने बदल होणार असतील तर ब्रिटनची हरकत नाही असं सुचवलं. समोरच्याने भाव विचारायच्या आधीच याने सूट जाहीर केली. हिटलरने त्यातलं 'बदल' ऐकलं, 'शांततेच्या मार्गाने' सोडून दिलं. दोन, जेवणानंतर हिंदुस्थानचा विषय निघाला तेव्हा हिटलरने सल्ला दिला, गांधींना गोळी घाला, तेवढ्याने भागलं नाही तर काँग्रेसच्या आणखी पुढाऱ्यांना. ज्याच्याशी २४ तास बसून करार केला त्याच्याबद्दल हे ऐकल्यावर बोलणी करणाऱ्याला समोरच्याची जात कळायला हवी होती. हॅलिफॅक्सला विचित्र वाटलं, पण त्याने त्यातून निष्कर्ष काढला नाही.

दप्तरदार
गांधींशी आणि हिटलरशी झालेल्या बोलण्यांत कामाच्या दृष्टीने फरक काय, तो मांडतो. दिल्लीत आधी मुद्दे ठरत, मग मसुदा, मग शब्दाशब्दावर घासाघीस, मग प्रसिद्धी, आणि मोडलं तर सरकार काय करील हेही शेवटच्या कलमात. गांधी मसुद्यावर भांडत, पण दिलेला शब्द स्वतःवर बंधन मानत. बेर्ख्टेसगाडेनला मसुदा नव्हता, अट नव्हती, मोडल्यास काय याचा उल्लेखही नव्हता. पद्धतीतलं निम्मं काम गाळून नुसती भेट ठेवली तर उरते ती सदिच्छा.

तरी एक श्रेय द्यायला हवं. फेब्रुवारी १९३८ मध्ये ईडनने राजीनामा दिल्यावर हा परराष्ट्रमंत्री झाला. सप्टेंबरात हिटलरने गोडेसबर्गला नवी मागणी ठेवली, १ ऑक्टोबरपर्यंत चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन भाग रिकामा करून ताब्यात द्या. चेंबरलेन मान्य करायच्या बेतात होता. २४ च्या रात्री खात्याचे सचिव कॅडोगन यांनी हॅलिफॅक्सला घरी सोडताना तोंडावर सांगितलं की हे चुकतंय. रात्रभर त्याला झोप लागली नाही, आणि २५ ला मंत्रिमंडळात त्याने आपलं मत बदलल्याचं उघड सांगितलं. पंतप्रधानाचा सर्वांत जवळचा माणूस असं करतो, हे सोपं नव्हतं. सुडेटन भाग हिटलरला देणारा म्युनिकचा करार टळला नाही, पण तेव्हापासून तो चेंबरलेनच्या पुढे चालू लागला. हल्ला झाल्यास पोलंडच्या मदतीला येण्याची ३१ मार्च १९३९ ची हमी मुख्यतः त्याच्या आग्रहाची.

तळटीप
हमी दिली, पण ती पाळायची कशी याचं उत्तर नव्हतं. पोलंडला प्रत्यक्ष मदत करू शकेल असा एकच मोठा शेजारी, सोव्हिएत संघ. हॅलिफॅक्स स्वतः मॉस्कोला गेला नाही. लष्करी शिष्टमंडळ ५ ऑगस्टला निघालं ते 'सिटी ऑफ एक्झेटर' या संथ बोटीने. बोलणी १२ ऑगस्टला सुरू झाली. सोव्हिएत संरक्षणमंत्री वोरोशिलोव्हने पहिलाच प्रश्न केला, सही करण्याचे लेखी अधिकार दाखवा. फ्रेंच सेनापतीकडे अधिकारपत्र होतं, ब्रिटिश अ‍ॅडमिरल ड्रॅक्सकडे कागदच नव्हता. मग मुद्द्याचा प्रश्न: लाल सेनेला पोलंडमधून जाऊ देणार का? त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. २३ ऑगस्टला जर्मनीचा नवा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप विमानाने आला आणि करार करून गेला. गांधींसाठी २४ तास काढणारा माणूस स्टालिनसाठी आठवडाभर का काढू शकला नाही? कम्युनिस्टांबद्दलची धार्मिक घृणा हे कारण मला सर्वांत वजनदार वाटतं.

रानजाई
आणि १९४० ची ती तांत्रिक बाब?

तळटीप
नॉर्वेतल्या अपयशावरच्या कॉमन्समधल्या चर्चेत ८ मे रोजी सरकार २८१ विरुद्ध २०० ने तगलं, पण एवढ्या कमी फरकाने की चेंबरलेनचं संपलं. ९ मेच्या दुपारी चेंबरलेन, चर्चिल, हॅलिफॅक्स आणि प्रतोद मार्जेसन बसले. हॅलिफॅक्स म्हणाला, लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, बसून युद्धकाळात सरकार चालवता येणार नाही, कॉमन्स माझ्या हातात नसेल. दोन वर्षं परराष्ट्रमंत्री असताना कॉमन्समध्ये त्याच्या वतीने उपमंत्री रॅब बटलर उत्तरं देत असे, त्यामुळे ही अडचण त्याच्या रोजच्या अनुभवातली होती. १९२३ मध्ये कर्झनऐवजी बाल्डविनला निवडलं गेलं त्यातही हेच एक कारण होतं. निव्वळ सबब म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अडचण खरी होती, आणि आपण युद्धाचे पुढारी नव्हे, हेही त्याला कळत होतं.

भुईकोट
जमिनीच्या कलमाचं पुढे काय झालं तेवढं नोंदवतो, कारण १९३१ च्या उन्हाळ्यात सर्वांत जास्त तक्रारी त्यावरूनच झाल्या. सारा न भरल्याबद्दल बारडोली आणि खेडा जिल्ह्यात जप्त झालेल्या जमिनी पडत्या भावात विकल्या गेल्या होत्या. 'तिसऱ्याला विकली असेल तर व्यवहार कायम' या ओळीने त्या शेतकऱ्यांचा हक्क बुडाला. गांधींनी करारातच आपली नाराजी नोंदवून घेतली होती, पण ओळ बदलली नाही. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. त्याने १९३८ मध्ये कायदा करून, खरेदीदारांना मोबदला देऊन, त्या जमिनी मूळ मालकांच्या नावावर परत चढवल्या.